डोहापलीकडची सारजा

नांदडोह गावात नदीला आवाज नव्हता. मांजरा वरच्या अंगाला खडकांतून खळखळत यायची, पण गावाशी आली की डोहात उतरायची आणि गप्प व्हायची. परगावच्या माणसाला वाटावं, ही नदी इथं घटकाभर झोपायलाच थांबते.

गाव अलीकडच्या काठावर होतं. घाटाच्या झिजलेल्या पायऱ्या, वर मारुती आणि त्याच्यामागं निजामाच्या वेळची करोडगिरीची चौकी. नदी उतरून येणाऱ्या मालावर तिथं जकात घेत. पुढं निजाम गेला, जकात गेली, चौकीचं छप्परही गेलं. दारावरचा फारशी अक्षरांचा दगड तेवढा घरंगळत घाटावर आला आणि बाया त्याच्यावर धुणं धुऊ लागल्या. त्यावर काय लिहिलंय ते गावात कुणालाच वाचता येत नव्हतं. त्याच्यावर गोधडी चांगली निघते, हे मात्र सगळ्यांना ठाऊक होतं.

पलीकडच्या काठावर पैलवाडी. मेंढरं राखणाऱ्यांची घरं, बाभळी, मेंढरं कोंडायचे काट्यांचे वाडगे. सकाळी तिकडून धूर निघायचा आणि पाण्यावर उतरून तसाच पसरून राहायचा. पैलवाडीला जायचं तर खालच्या उथळ उतारावरून वळसा घालावा लागे. गावातल्या मोठ्या घरच्या बायांना तिकडं जायचं कारणच पडत नसे.

सुंदरबाई अशाच मोठ्या घरात सून होऊन आली. माहेर धारूरचं, किल्ल्याच्या पायथ्याचं. दगड, घाट, सीताफळीची झुडपं यांत वाढलेल्या त्या मुलीनं इतकं पाणी एका जागी कधी पाहिलं नव्हतं. सासरे अर्जुनराव म्हणजे गावातलं मोठं प्रस्थ. बीडला त्यांच्या शब्दाला वजन होतं. सासूबाई केशरबाई करड्या, नवरा राधाकिशन अबोल. घरात गडीमाणसं होती, पण आपली लुगडी सुनेनं आपल्या हातानं धुवावीत, अशी केशरबाईंची शिस्त होती. त्या शिस्तीमुळंच सुंदरबाईला रोज सकाळी नदी मिळाली.

आणि नदीबरोबर ती पलीकडची बाई.

ती पहिल्यांदा दिसली तेव्हा सुंदरबाई धुणं विसरून बघतच राहिली. समोरच्या काठावर तिच्याच वयाची एक बाई घोंगडं आपटत होती. हात आधी खाली यायचा, आवाज मागून पाण्यावरून चालत यायचा. सुंदरबाईनं आपलं लुगडं आपटलं. पलीकडची थांबली, बघितलं, आणि हसली असावी. इतक्या लांबून हसू दिसत नाही, पण मान कलते ती दिसते.

मग ते रोजचंच झालं. एकीनं आपटलं की दुसरीनं आपटायचं. मोठ्या घरच्या सुनेनं नदीवर ओरडायचं नसतं, त्यामुळं हाक कधी गेली नाही आणि आलीही नाही. ती बाई कधी काही दिवस दिसेनाशी झाली तर सुंदरबाईचा जीव घाटावर लागेना. एकदा अशीच बरेच दिवस दिसली नाही, आणि मग एका सकाळी आली ती हातात काहीतरी धरून. तिनं ते दोन्ही हातांनी उंच धरलं. तान्हं बाळ होतं. सुंदरबाईनं ओल्या हातांनीच कानशिलावर बोटं मोडली. पुढं सुंदरबाईला मुलगी झाली तेव्हा तिनंही सवा महिन्यानं घाटावर येऊन लेक उचलून दाखवली.

त्यानंतरचं तिचं मूल जगलं नाही. घरात त्याचं नाव निघालं नाही. नाव ठेवायलाच वेळ मिळाला नव्हता. केशरबाईंनी तिला कामाला जुंपलं, राधाकिशन शेतावर जास्त राहू लागला. सुंदरबाई पुन्हा नदीवर गेली, दगडापाशी बसली, पण लुगडं हातात धरून नुसतीच बसली. पलीकडच्या बाईनं आपटणं थांबवलं. तीही खाली बसली. उन्हं वर आली, घाटावरच्या बाकीच्या बाया निघून गेल्या, तरी ती पाण्यापलीकडं तशीच बसून होती. सुंदरबाई उठली तेव्हाच ती उठली.

त्या बाईचं नावही तिला ठाऊक नव्हतं.

सत्तर साल उलटलं आणि पाऊस रुसला. एक पावसाळा तसाच गेला, दुसरा त्याहून कोरडा. विहिरींचे तळ दिसले. माणसं दुष्काळी कामावर खडी फोडू लागली, घराघरांत परदेशातली लाल ज्वारी आली. तिची भाकरी थापताना बाया तोंड वाकडं करायच्या. वरच्या खडकांतली खळखळ थांबली. नदी म्हणून काही उरलं नाही, उरला तो फक्त डोह. गावात म्हणायचे, डोहाला तळ न्हाई. चौसाळ्यापासून लोक येऊन त्याच्याकडं बघून जायचे.

पण डोहही लहान होत होता. पाणी पायऱ्या सोडून खाली गेलं, मग दगड सोडून गेलं. बाया धुणं घेऊन पाण्यामागं वाळूत उतरू लागल्या. पलीकडूनही तसंच. काठ दर आठवड्याला थोडा जवळ येत होता. झोपेत एखादं गाव आपल्याकडं सरकत यावं, तसा. सुंदरबाईला आता पलीकडच्या बाईच्या लुगड्याचा रंग कळू लागला, मग कपाळावरचं गोंदण. मग एके दिवशी तिला त्या बाईचं खोकणं ऐकू आलं, आणि ती दचकली. इतक्या वर्षांत त्या बाईला आवाज असेल असं तिच्या मनातच आलं नव्हतं.

पौषातल्या एका सकाळी डोहाच्या वरच्या टोकाला पाणी संपलं. तिथं ओली वाळू होती आणि त्या वाळूत पलीकडची बाई हातांनी झरा उकरत होती. डोहाचं पाणी हिरवं पडलं होतं. प्यायला झऱ्याचंच बरं. सुंदरबाई घागर घेऊन तिथवर गेली आणि समोर उभी राहिली.

त्या बाईनं ओले हात झाडले.

"घागर ठेवा की," ती बाई म्हणाली. आवाज घोगरा, पुरुषी. सुंदरबाईनं मनात धरलेल्या आवाजाशी त्याचं काही नातं नव्हतं. "आत्ता भरंल. बसा."

"तुझं नाव काय?"

"सारजा. बंकटची बायकू. तुमी अर्जुनराव मालकाच्या सूनबाई. मला ठावं हाय."

एवढं बोलून झालं आणि पुढं काही सुचेना. लांबून इतकं सगळं सांगितलेल्या त्या दोघी जवळ आल्यावर परक्या झाल्या. सुंदरबाईनं घागर भरून घेतली आणि जड पावलांनी घरी आली. दिवसभर तिला चुकल्यासारखं होत राहिलं.

दुसऱ्या दिवशीही तसंच. पाणी, ऊन, लाल ज्वारी. त्याच्या पुढच्या दिवशी सारजा करवंटीनं पाणी काढता काढता थांबली आणि मान वर न करता म्हणाली, "त्या साली लेकरू गेलतं व्हय तुमचं?"

सुंदरबाईच्या हातातली करवंटी वाळूत पडली. घरात जे कुणी विचारलं नव्हतं, ते हिनं विचारलं होतं.

"मुलगा होता," ती म्हणाली.

"मला वाटलंच. तुमी वर धरलं न्हाई काई." सारजानं तिची करवंटी उचलून पदराला पुसली. "लई दिस म्या वाट बघितली, आज धरतील, उद्या धरतील."

त्या सकाळी सुंदरबाई रडली, आणि सारजा करवंटी करवंटीनं दोघींच्या घागरी भरत राहिली. त्यानंतर मात्र बोलणं कमी पडलं नाही. सारजाचा सासरा म्हातारा मुंजाजी, दिवसभर मेंढरांशी बोलायचा आणि माणसांशी गप्प राहायचा. तो सुनेबरोबर झऱ्यावर यायचा आणि दूर बसून लोकर कातायचा. नदीच्या मधोमध, जिथं पूर्वी वीस हात पाणी असायचं तिथं, त्या दोघी ऊन चढेपर्यंत बसायच्या. सुंदरबाई धारूरच्या किल्ल्याच्या गोष्टी सांगायची. सारजा मेंढरांमागं हिंडलेले माळ सांगायची. एकदा सुंदरबाई पैलवाडीच्या काठापर्यंत चढून गेली आणि मागं वळून बघितलं. तिचं गाव इतकं लहान, इतकं शांत दिसलं, जसं कुणी ओंजळीतून खाली ठेवलंय.

अर्जुनरावांच्या डोक्यात तेव्हा वेगळंच पाणी होतं. त्यांनी गावात उपसा सिंचनाची सहकारी सोसायटी काढली होती. जिल्ह्यात साखर कारखान्याच्या गोष्टी चालल्या होत्या, आणि ज्या गावात ऊस त्या गावात कारखान्याचा रस्ता, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. बीडहून ट्रकवर इंजिन आलं. हिरव्या रंगाचं, गाईएवढं. लोकांनी त्याला हळदकुंकू लावलं, हार घातला. घाटाच्या बाजूला चौथरा बांधून त्यावर ते बसवलं. नदीलगतच्या रानात ऊस उभा होताच, पण पानं करपायला लागली होती. आता डोहात पाइप सोडायचा, एवढंच राहिलं होतं.

"डोहात पाइप पडला का आमी चाललो," सारजा झऱ्यावर म्हणाली. "गोदावरीकडं. मेंढरं पाण्याबिगर किती दिस राहतील? आमचं म्हातारं रस्त्यात टिकायचं न्हाई."

"परत याल की."

"कुणाला ठावं? गेलेली माणसं तिकडंच कामाला लागत्यात."

सुंदरबाईनं घरी काही सांगितलं नाही. सांगायची पद्धतच नव्हती.

सोसायटीची सभा शाळेच्या पडवीत भरली. सहकार खात्याचे साहेब आले होते. त्यांनी सभासदांची नावं वाचायला सुरुवात केली आणि थांबले. "यात बायांची नावं आहेत. त्या कुठं आहेत?"

अर्जुनराव हसले. एकेका घरातून सभासद जास्त दिसावेत म्हणून सगळ्यांनीच बायकांची नावं घातली होती. "त्या घरी हायेत साहेब. त्यांचं काय काम?"

"त्यांच्यावाचून संख्या भरत नाही. बोलवा."

मग बाया आल्या. पदर सावरत, एकमेकींना ढकलत, पडवीच्या कडेला जमिनीवर बसल्या. केशरबाई पुढं, सुंदरबाई त्यांच्यामागं. अर्जुनराव उभे राहिले. ते चांगलं बोलत, आणि त्या दिवशी मनापासून बोलले.

"माझ्या बापानं आभाळाकडं बघत जन्म काढला. मीबी तेच केलं. आता आपल्या हातात इंजिन हाय. ऊस जगला तर गाव जगंल. उद्यापासून डोहात पाइप सोडायचा असा ठराव हाय. सगळ्यांना कबूल?"

"कबूल!" पुरुष म्हणाले.

आपण उठणार आहोत हे उठेपर्यंत सुंदरबाईला स्वतःलाच ठाऊक नव्हतं. ती उभी राहिली तेव्हा बाजूच्या बाईनं तिचं लुगडं ओढलं.

"माजं कबूल न्हाई," ती म्हणाली.

पडवी एकदम डोहासारखी झाली. राधाकिशननं मान वळवून बायकोकडं बघितलं, जणू ती कुणी दुसरीच होती. अर्जुनराव सुनेशी चारचौघांत कधी बोलले नव्हते.

"कावून?" शेवटी त्यांनी विचारलं.

"मामंजी, डोह आटला तर पैलवाडीची मेंढरं कुठं जातील? माणसं कुठं जातील? आपल्याला ऊस न्हाई मिळाला तर आपुन एक साल थांबू. त्यांना थांबता येत न्हाई."

मागून सोसायटीतले मोहनराव म्हणाले, "बाया बोलायला लागल्या का सभेचा बाजार व्हतो. अर्जुनराव, पुढं चला."

"सभासद आहेत त्या," साहेब कोरडेपणानं म्हणाले. "बोलू द्या."

पण सुंदरबाईचं बोलणं संपलं होतं. ती खाली बसली. आता घरी काय होईल, हे तिला कळेना. तेवढ्यात तिच्या पुढ्यात बसलेल्या केशरबाई, ज्यांनी जन्मात नवऱ्याचा शब्द मोडला नव्हता, पदर नीट करत म्हणाल्या, "माजंबी कबूल न्हाई."

"तुमी?" अर्जुनराव म्हणाले.

"त्या पाण्याकडं बघत बघत म्या म्हातारी झाले. त्याच्याकडं बघतच जाऊ द्या."

कुणीतरी हसलं, पण ते हसू लगेच मिटलं. धोंडीराम नावाचा एक लहान शेतकरी कोपऱ्यातून उठला. "मालक, माजी म्हस तितंच पिते. माजंबी न्हाई." मग आणखी एक उठला. मग दोन बाया, बसल्या जागीच, पदरातून. साहेबांनी मोजायला सांगायच्या आधीच अर्जुनरावांनी हात वर केला.

"ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "पाऊस पडून नदी वाहती झाल्याबिगर इंजिन चालणार न्हाई. लिवा तसं." त्यांनी टोपी डोक्यावर ठेवली आणि ते निघून गेले.

सभेहून घरी येताना राधाकिशन नेहमीसारखा पुढं चालत होता. चौकीच्या भिंतीपाशी तो थांबला. सुंदरबाई जवळ आली, तसा तो पुन्हा निघाला. पण तिथून पुढं घरापर्यंत तो तिच्या पावलानं चालला.

घरात मात्र अबोला आला. अर्जुनराव सुनेच्या हातचं जेवत होते, पण नजर ताटात ठेवून. केशरबाईंशीही ते बोलेनात. रोज सकाळी ते उसाच्या रानात जायचे आणि बांधावर उभे राहायचे. ऊस पिवळा पडत होता. वाऱ्यात आता त्याचा कागदासारखा आवाज यायचा. सुंदरबाईला तो घरापर्यंत ऐकू येई. आपण बरोबर केलं, असं तिला झऱ्यावर वाटायचं; स्वयंपाकघरात आलं की वाटायचं नाही.

फाल्गुन गेला, चैत्र लागला. डोह आता मोठ्या कढईएवढा दिसू लागला होता. तळ न्हाई म्हणणारे गप्प झाले. पण पाणी होतं. दिवस कलला की दोन्ही काठांची जनावरं वाळू उतरून तिथं यायची. धूळ उडायची आणि खाली बसायची, आणि मग नुसता पाणी पिण्याचा आवाज यायचा.

अशाच एका संध्याकाळी गावाकडून गाड्या उतरताना दिसल्या. पुढं अर्जुनराव चालत होते. गाड्यांत ऊस होता. अर्धा वाळलेला, पण शेंड्यांना अजून हिरवा. त्यांनी सगळं रान कापायला लावलं होतं. पैलवाडीचे लोक मेंढरं मागं ओढू लागले. मालक भांडायला आले, असंच त्यांना वाटलं.

"सोडा ती," अर्जुनराव म्हणाले. "ऊस तोडून टाका त्यांच्यापुढं. गाईम्हशींनाबी घाला. कारखान्याला न्यायच्या लायकीचा तो ऱ्हायला न्हाई."

गडी ऊस फेकू लागले. अर्जुनराव वाळूत एका दगडावर टेकले. म्हातारा मुंजाजी त्यांच्याजवळ येऊन उभा राहिला. मग न विचारताच शेजारी बसला. दोघं जनावरांकडं बघत होते.

"ते लंगडं कुणाचं?" अर्जुनरावांनी विचारलं.

"आमचंच. जल्मापासून तसं हाय. पर चालण्यात सगळ्यांच्या म्होरं." मुंजाजी माणसांशी इतकं बोलल्याचं सारजानं कधी ऐकलं नव्हतं.

झऱ्यापाशी उभ्या असलेल्या सुनेकडं अर्जुनरावांनी एकदा बघितलं. "सूनबाई," ते म्हणाले, "अंधार पडायच्या आत घरी या." एवढंच. पण ते त्यांनी हाक मारून, सगळ्यांदेखत म्हटलं.

पैलवाडी कुठं गेली नाही. वैशाखात डोह चिखलावर आला, तेव्हा दोन्ही काठांची माणसं मिळून झरे उकरत होती. काही मेंढरं गेलीच. लंगडंही गेलं. मुंजाजी राहिला. मृगाच्या पुढं पाऊस आला, नदी आली, आणि काठ पुन्हा लांब गेले.

इंजिन भादव्यात सुरू झालं. पाणी घाटाच्या शेवटच्या पायरीखाली गेलं की ते बंद करायचं, असा नियम सोसायटीनं घालून घेतला आणि पुढं कित्येक वर्षं पाळला. त्याचं श्रेय लोक अर्जुनरावांना देत. तेही नाही म्हणत नसत.

त्याच वर्षी सारजाला मुलगी झाली. बारशाचं आवतण बंकट स्वतः घेऊन आला. अर्जुनरावांच्या ओसरीवर उभा राहून त्यानं केशरबाईंना सांगितलं. केशरबाईंनी नवऱ्याकडं बघितलं. अर्जुनराव सुपारी कातरत होते. "कुंची घेऊन जा म्हणावं," ते म्हणाले.

पूर असला की पैलवाडीचे लोक गूळ शिजवायच्या लोखंडी काहिलीत बसून नदी ओलांडायचे. सुंदरबाई आयुष्यात पहिल्यांदा काहिलीत बसली. मांडीवर कुंची आणि गुळाची ढेप, एका हातानं काठ घट्ट धरलेला. बंकट वल्हवत होता. पाणी मातकट, जड, मुकं. मध्यावर आल्यावर तिनं वाकून बघितलं. याच जागी, खाली कुठंतरी, ती आणि सारजा वाळूत बसत होत्या. खाली अजून कुणी बसलं असेल आणि वरून चाललेली ही काहील त्यांना ढगासारखी दिसत असेल, असं तिला वाटून गेलं. काहील हळूहळू स्वतःभोवती फिरत होती. एकदा गाव दिसायचं, एकदा पैलवाडी, एकदा नुसतं पाणी.

"भ्या वाटतंय व्हय, बाई?" बंकटनं विचारलं.

"न्हाई," ती म्हणाली. "सावकाश चालव."

पलीकडं चिखलात गुडघाभर उतरून सारजा उभी होती. काहील लागायच्या आधीच तिचा घोगरा आवाज पाण्यावरून आला, "आगं, किती येळ! पुरणाच्या पोळ्या थंड व्हायल्या. हात दे, हात दे!"

सुंदरबाईनं कुंची बगलेत धरली आणि हात दिला.